रुपयातली चांदी कुठे गेली?

1790 च्या सुमाराचं पुणं. बुधवार पेठेतल्या एका सराफाच्या पेढीवर तुम्ही बसला आहात आणि कमरेच्या कशातले वीस रुपये त्याच्यापुढे ओतले आहेत. आहेत सगळे रुपयेच, पण एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही. काहींवर अंकुश उमटलाय, काही चांदवडच्या टांकसाळीतले आहेत, दोन-तीन मल्हारशाही आणि एक हातोहात फिरून गुळगुळीत झालेला सुरती. सराफ एकेक रुपया अंगठ्याने उडवतो आणि कान देऊन ऐकतो. एकाचा आवाज त्याला पटत नाही. तो रुपया कसोटीच्या दगडावर घासतो, उमटलेली रेघ उजेडात धरतो, मग काट्यात टाकून दुसऱ्या पारड्यात गुंजा सोडतो.

"हा दीड गुंज उतरलाय. बट्टा पडेल."

तुम्ही कुरकुरता. तेवढ्यात त्याने दुसऱ्या रुपयावर बारीक छिन्नी ठेवून ठोका मारलेला असतो. "अहो, नवं नाणं का खराब करता?" असं तुम्ही म्हणताच तो मान वर न करता सांगतो, "वरून चांदी नि आत तांबं, असे रुपये रोज येतात. टोचल्याशिवाय आतलं कसं दिसणार?"

तुम्हाला रुपये मोजायची सवय आहे. इथे ते जोखतात. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा आणि रुपया म्हणजे साधारण तोळाभर चांदी. छाप कुणाचीही असो, किंमत आतल्या चांदीची. वीस रुपये घेऊन आलेले तुम्ही उठता तेव्हा पदरात एकोणीस रुपये आणि काही तांब्याच्या शिवराया पडतात. सराफाने तुम्हाला फसवलेलं नाही. त्याने तुमच्या पैशातला धातू वाचून दाखवला. त्या काळात हे वाचन येणं हीच अर्धी श्रीमंती होती.

पंचेचाळीस वर्षं पुढे या. 1835, मुंबईचा फोर्ट. टाउन हॉलच्या जवळच टांकसाळ आहे आणि आत वाफेची यंत्रं धडधडताहेत. कंपनी सरकारने याच वर्षी कायदा करून आपल्या सगळ्या मुलखासाठी एकच रुपया ठरवलाय. वजन 180 ग्रेन, म्हणजे 11.66 ग्रॅम, आणि त्यात अकरा भाग चांदी, एक भाग तांबं. हा बारावा भाग तांबं कशाला, असा संशय तुमच्या मनात येईल. पण ही लबाडी नव्हे. निव्वळ चांदी मऊ असते. तिचा रुपया दहा हातांतून फिरला की राजाचं नाक झिजायला लागेल. तांब्याने तिला कणखरपणा येतो.

आता भट्टीपासून चालत चला. मुशीतला रस साच्यात ओतला जातो, त्याच्या पट्ट्या पडतात, पट्ट्या रुळांमधून पुन्हा पुन्हा दाबून पातळ होतात आणि त्यांतून कोऱ्या चकत्या कापल्या जातात. लाटून लाटून धातू ताठर झालेला असतो, म्हणून चकत्या परत तापवतात. भट्टीतून निघालेली चकती काळवंडलेली दिसते. तापल्यावर पृष्ठभागावरच्या तांब्याला हवा लागलेली असते. मग ती पातळ आम्लात बुडते. आम्ल वरचं काळं तांबं खाऊन टाकतं आणि चकती पांढरीशुभ्र होऊन बाहेर येते. नीट बघा, या घडीला तिच्या अंगावर जवळजवळ निव्वळ चांदीचा पापुद्रा आहे. नवा रुपया एवढा झळझळीत का दिसतो आणि थोडा वापरला की किंचित मळका का होतो, त्याचं उत्तर या पापुद्र्यात आहे. मग ठशाचा एक दणका बसतो आणि चौथ्या विल्यमचा चेहरा उमटतो.

या रुपयाला बट्टा नाही. तो इतका नेमका आहे की लोक त्याचा वजन म्हणूनच वापर करू लागतात. सोनार तोळा मोजताना पारड्यात रुपया टाकतो आणि वैद्य औषध रुपयाभार घ्यायला सांगतो.

शिवाय टांकसाळीचं दार सगळ्यांना उघडं आहे. चांदी आणा, घडणावळीपुरती काही टक्के कपात सोसा आणि रुपये घेऊन जा. या उघड्या दाराचा अर्थ कळायला 1877 च्या मुंबईत उतरावं लागतं. दख्खनमध्ये सलग दुसऱ्या वर्षी दुष्काळ आहे. सोलापूर, नगरकडून आलेल्या व्यापाऱ्यांची पोती टांकसाळीत रिकामी होताहेत आणि त्यांतून वाळे, तोडे, गोठ, साखळ्या, लहान मुलांच्या कमरेचे करदोटे पडताहेत. जवळ जाऊन एक तोडा उचला. आतल्या बाजूला घोट्याने घासून तो गुळगुळीत झालाय. बाईने तो धान्यासाठी मोडलाय. तासाभरात तो मुशीत जाईल आणि रुपया होऊन निघेल. त्या रुपयावर या वर्षापासून नवी अक्षरं आहेत, व्हिक्टोरिया एम्प्रेस. त्याच जानेवारीत दिल्लीला दरबार भरवून राणीला भारताची सम्राज्ञी जाहीर केलंय. शेतकऱ्याच्या घरातली चांदी म्हणजे त्याची बँक होती आणि वाईट दिवसांत तिचे पुरेपूर पैसे व्हायचे. हे विसरलं तर पुढे जे घडलं त्याचा घाव कळणार नाही.

26 जून 1893. दार बंद झालं.

कारण हजारो मैलांवरचं होतं. अमेरिकेत नेवाडाच्या खाणींतून चांदीचा लोंढा निघाला, जर्मनीसारख्या देशांनी चांदीचं चलन सोडून सोनं धरलं आणि चांदी घसरत गेली. 1870 च्या सुरुवातीला जवळपास दोन शिलिंगांना असलेला रुपया सव्वा शिलिंगावर आला. लंडनला दरसाल सोन्यात पैसे भरणाऱ्या सरकारचं कंबरडं मोडू लागलं. म्हणून लोकांकडून चांदी घेऊन रुपये पाडून देणं कायद्याने थांबवलं. रुपये कमी पडले, त्यांची किंमत चढली आणि पुढे ती 16 पेन्सांवर, म्हणजे एका सोन्याच्या सॉव्हरिनला 15 रुपये अशी ठरली. चांदी मात्र पडतच राहिली. 1902 च्या सुमाराला त्याच रुपयातल्या चांदीची किंमत नऊ पेन्सांच्याही आत होती.

नाणं तेच आहे. वजन तेच, अकराला एक हे प्रमाण तेच, आवाजही तोच. पण आता रुपयाची किंमत चांदीची नाही, सरकारच्या शब्दाची आहे. भारतीय रुपयाच्या आयुष्यातली सर्वांत मोठी तारीख कोणती असं विचारलं तर बहुतेक लोक 1957, म्हणजे नये पैसे आले ते वर्ष, सांगतील. मी 1893 म्हणेन. 1899-1900 च्या दुष्काळात जी बाई तोडे मोडायला गेली, तिच्या चांदीला बाजारभाव मिळाला आणि तो पडलेला होता. टांकसाळीत देऊन रुपये करून घ्यायची सोय तिच्यासाठी उरली नव्हती. लंडनचा हिशेब जमवण्यासाठी घेतलेल्या निर्णयाची किंमत तिच्या पायांतून वसूल झाली. ही गोष्ट आपण नाण्यांच्या इतिहासात फार कमी सांगतो.

1907 मध्ये क्षणभर थांबा. पानवाल्याने तुमच्या तळहातावर एक अनोळखी नाणं ठेवलंय. पांढरट, कडेला बारा पाकळ्या. हा क्युप्रो-निकेलचा आणा, तीन भाग तांबं आणि एक भाग निकेल. गंमत अशी की पाऊण तांबं असूनही तांबूस छटा कुठेच नाही. पाव भाग निकेल सगळा रंग गिळून टाकतं. पाकळ्या का, तर डोळे मिटूनही आणा ओळखू यावा. चांदीचं सोंग घेणारा हा धातू पुढची शंभर वर्षं तुमच्या खिशात राहणार आहे.

पहिल्या महायुद्धाने उलटा खेळ केला. आता चांदी भडकली. हिशेब सोपा आहे. लंडनमध्ये चांदी औंसाला 43 पेन्सांवर गेली की रुपयातली चांदी रुपयाइतकीच होते, आणि त्याच्या वर गेली की रुपया खर्चण्यापेक्षा वितळवणं परवडतं. 1917 मध्ये तिने ही रेघ ओलांडली आणि 1920 च्या फेब्रुवारीत ती 89 पेन्सांवर पोचली. 1917 च्या 30 नोव्हेंबरला सरकारने एक रुपयाची कागदी नोट काढली. अमेरिकेने आपल्या तिजोरीतली 20 कोटी औंस चांदी ब्रिटनला विकली, ती मुख्यतः भारतात रुपये पाडता यावेत म्हणून. दोन आणे, चार आणे, आठ आणे क्युप्रो-निकेलमध्ये आले. दोन आणे चौकोनी, चार आणे अष्टकोनी. आठ आण्याचं नाणं दोन वर्षांतच थांबलं.

धातूचा नियम तुम्हाला एव्हाना दिसू लागला असेल. नाण्यातला धातू छापील किमतीपेक्षा स्वस्त असेल तोवरच नाणं बाजारात राहतं. ज्या दिवशी धातू महाग होतो, त्या दिवसापासून ते गायब होऊ लागतं. त्याला कुठल्याही सरकारचा धाक पुरत नाही.

आता 1943 च्या गिरगावात या आणि इथे जरा रेंगाळा, कारण युद्ध इथे तुमच्या खिशातून वाहतंय. ट्रामचा कंडक्टर ओरडतो, "सुटे द्या, सुटे!" सुटे कुणाकडेच नाहीत. वाण्याने उरलेल्या पैशांच्या जागी तुमच्या हातावर पोस्टाचं तिकीट टेकवलंय, हॉटेलवाल्याने शिक्का मारलेली चिठ्ठी दिलीय. सुटी नाणी साठवून ठेवणं हा आता गुन्हा आहे. तुम्ही खिसा उलटा करता. जुना पैसा 75 ग्रेनचा, म्हणजे 4.86 ग्रॅमचा, ब्राँझचा, हाताला भरीव लागणारा. त्याच्याशेजारी यंदाचा नवा पैसा ठेवा. मधोमध मोठं भोक, वजन जेमतेम दोन ग्रॅम. पोरं त्यात दोरा ओवून गळ्यात घालताहेत, मिस्त्री तो वायसर म्हणून वापरतोय. वाचलेलं तांबं काडतुसांकडे गेलंय. मागणी एवढी आहे की मुंबई-कलकत्त्याच्या जोडीला लाहोरला नवी टांकसाळ उघडलीय, आणि हे भोकाचे पैसे थेट दक्षिण आफ्रिकेतल्या प्रिटोरियातूनही पाडून येताहेत.

आणा पिवळा पडलाय. निकेल रणगाड्यांच्या पोलादाला हवं, म्हणून पाव भाग निकेलच्या जागी आता 79 टक्के तांबं, 20 टक्के जस्त आणि फक्त एक टक्का निकेल. पाकळ्या त्याच राहिल्या.

रुपयाचं काय झालं ते सराफ कट्ट्यावर बघा. तिथे 1938 चा आणि 1942 चा असे दोन रुपये शेजारी ठेवलेत. दोन्हींवर सहावा जॉर्ज, आकार एक, वजन एक. सराफ दोन्ही वाजवतो आणि दुसऱ्याला बाजूला सारतो. 1940 पासून रुपयात चांदी निम्मी झालीय, 50 टक्के. उरलेलं 40 टक्के तांबं, पाच टक्के निकेल आणि पाच टक्के जस्त. चार धातू मिसळलेत, कारण नुसतं अर्धं तांबं घातलं असतं तर रंग लगेच पिवळसर दिसला असता. निकेल आणि जस्त तो पांढरा राखतात. रुपया उभा करून कड बघा. दातांच्या मधोमध एक नक्षीदार खाच फिरलीय. खोटं पाडणाऱ्याला ती जमू नये म्हणून ही तजवीज. दरम्यान राणीचे, एडवर्डचे आणि पाचव्या जॉर्जचे भरघोस चांदीचे रुपये सरकारने एकामागून एक चलनातून रद्द केलेत. ज्यांनी ते परत केले नाहीत, त्यांच्या नातवंडांच्या घरी ते आजही देव्हाऱ्यात आहेत.

चांदीची गरज एवढ्याने भागली नाही. युद्धात अमेरिकेने भारताला 22 कोटी औंसांहून अधिक चांदी उधार दिली, अट एकच, औंसाला औंस परत. म्हणून युद्ध संपताच रुपयातली उरलीसुरली चांदीही काढून घेण्यात आली. 1947 चा रुपया हातात घ्या. मागे वाघ आहे, पुढे जॉर्ज शेवटच्या वेळी. त्याच्याजवळ लोहचुंबक न्या आणि तो टपकन चिकटेल. चांदी चुंबकाला दाद देत नाही. हे निव्वळ निकेल आहे. ज्या वर्षी देश स्वतंत्र झाला त्याच वर्षी त्याच्या रुपयात चांदीचा कणही उरला नव्हता. जुन्या निम्म्या चांदीच्या रुपयांमधून गाळून काढलेल्या चांदीने ते कर्ज 1957 पर्यंत फिटलं.

त्याच 1957 च्या 1 एप्रिलला तुम्ही बाजारात असाल तर गोंधळ पोटभर अनुभवाल. सोळा आण्यांच्या जागी शंभर नये पैसे, आणि एक आणा म्हणजे सव्वासहा. धातूच्या बाजूने मात्र खरी उडी 1964-65 ची. पैसा, दोन पैसे, तीन पैसे ॲल्युमिनियममध्ये आले, सोबत साडेतीन टक्के मॅग्नेशियम. एक पैशाचं चौकोनी नाणं पाऊण ग्रॅमचं. मूठ बंद केली तर आत आहे की नाही याची शंका यावी. तांब्याच्या पैशाला मराठी माणसाने तीनशे वर्षं वजन म्हणून ओळखलं होतं. ते वजन इथे संपलं.

रुपयाही झरझर हलका झाला. 1962 मध्ये दहा ग्रॅम निकेल, 1975 मध्ये आठ ग्रॅम क्युप्रो-निकेल, 1983 मध्ये सहा ग्रॅम, 1992 मध्ये 4.85 ग्रॅमचं स्टेनलेस स्टील आणि 2011 मध्ये 3.79 ग्रॅम. हे स्टील फेरिटिक जातीचं, म्हणजे 83 टक्के लोखंड आणि 17 टक्के क्रोमियम. गंजत नाही, चुंबकाला चिकटतं, आणि वितळवून फारसं काही हाती लागत नाही. टांकसाळीला नेमकं हेच हवं होतं.

ते का हवं होतं, हे 2007 च्या मे महिन्यात पाच रुपयांचं जाड नाणं काट्यावर ठेवून बघा. नऊ ग्रॅम. त्यात पावणेसात ग्रॅम तांबं आणि सव्वादोन ग्रॅम निकेल. लंडनच्या बाजारात निकेल टनाला 50,000 डॉलरच्या वर गेलंय, तांबं साडेसात-आठ हजारांच्या घरात आहे आणि डॉलर चाळीस-एक्केचाळीस रुपयांना. गुणाकार करा. पाच रुपयांच्या नाण्यात सहा रुपयांहून जास्त धातू! त्याच वर्षी बंगालच्या सीमेवरून आपली नाणी चोरून बांगलादेशात जातात आणि तिथे त्यांची दाढीची पाती होतात, अशा बातम्या आल्या. 1917 मध्ये रुपयाचं जे झालं तेच नव्वद वर्षांनी पाच रुपयांचं झालं. त्या वर्षी पाच रुपयेही स्टीलमध्ये गेले. 2011 च्या नाणे कायद्यात नाणी वितळवणाऱ्याला सात वर्षांपर्यंत कैद आहे, पण नाणं वाचवतो तो स्वस्त धातू, हे त्या कायद्याआधीच सिद्ध झालं होतं. 2011 च्याच 30 जूनला चार आणे चलनातून गेले.

आणि आज? वीस रुपयांचं बारा कोनांचं नाणं 8.54 ग्रॅमचं आहे. बाहेरचं कडं निकेल-सिल्व्हरचं, म्हणजे 65 टक्के तांबं, 15 टक्के जस्त, 20 टक्के निकेल. नावात सिल्व्हर असलं तरी चांदी शून्य. आतली पिवळी चकती निकेल-ब्रासची, 75 टक्के तांबं, 20 टक्के जस्त, पाच टक्के निकेल. दोन धातू एकमेकांत दाबून बसवलेलं नाणं खोटं पाडायला अवघड असतं. इतका विचार आणि इतकं तांबं-निकेल घालून केलेलं नाणं दुकानदाराने नाकारावं याचं मला मनापासून वाईट वाटतं.

शेवटी एक विनंती. घरात आजी-पणजीचे रुपये असतील तर ते चिंचेने किंवा राखेने घासू नका. घासलं की वरची नक्षी जाते आणि ती परत येत नाही. मोडीत द्यायची वेळ आलीच तर आधी साल वाचा. 1939 पर्यंतच्या इंग्रजी रुपयात सुमारे 10.69 ग्रॅम शुद्ध चांदी असते, आणि 1939 चा रुपया इतका दुर्मीळ आहे की त्याचं मोल चांदीच्या भावाने कधीच करू नये. 1940 ते 1945 च्या रुपयात 5.83 ग्रॅम चांदी. 1947 च्या रुपयात चांदी अजिबात नाही.